जुन्या स्नोमोबाइलचे इंजिन अडखळू लागले तर दोष कसा शोधावा

बर्फावर धावणारी जुनी टू-स्ट्रोक स्नोमोबाइल नव्याने घेतलेल्या माणसाच्या हातून पहिली चूक बहुधा एकच होते: इंजिन मिसिंग करू लागले की तो स्क्रू ड्रायव्हर घेऊन कार्ब्युरेटरचे स्क्रू फिरवायला बसतो. संध्याकाळपर्यंत मूळ सेटिंग हरवलेले असते, इंजिन पूर्वीपेक्षा वाईट चालत असते आणि खरा दोष, जो कदाचित टाकीतल्या तडकलेल्या नळीत किंवा ओल्या झालेल्या स्विचमध्ये होता, तो जागच्या जागी असतो. दोष कोणत्या क्रमाने शोधावा, प्रत्येक पायरीवर नेमके काय पाहावे आणि कोणत्या लक्षणावर इंजिन ताबडतोब बंद करावे, हे नवख्या मालकाला कळावे म्हणून हा लेख लिहिला आहे.

येथे विचार केला आहे तो साधारण १९७० च्या दशकापासून २००० सालाच्या आसपासपर्यंतच्या, कार्ब्युरेटर असलेल्या दोन सिलिंडरच्या टू-स्ट्रोक गाड्यांचा. कॅनडाच्या क्यूबेक प्रांतातल्या व्हॅलकूर गावी बॉम्बार्डिए यांनी १९५९ मध्ये पहिली स्की-डू बाजारात आणली. पोलॅरिस अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या रोझो गावची आणि आर्क्टिक कॅट त्याच राज्यातल्या थीफ रिव्हर फॉल्सची. वरचे नाव वेगळे असले तरी आतले यंत्र एकमेकांशी बरेच मिळतेजुळते आहे. स्की-डूमध्ये ऑस्ट्रियात बनलेली रोटॅक्स इंजिने असत, पोलॅरिसमध्ये अनेक वर्षे जपानच्या फुजीची आणि आर्क्टिक कॅटमध्ये सुझुकीची. आणि यांतल्या बहुतेकांवर मिकुनी कंपनीचा कार्ब्युरेटर बसवलेला असतो. त्यामुळे पुढचा क्रम यांतल्या जवळजवळ प्रत्येक गाडीला लागू पडतो. ज्यांनी पुण्यात किंवा नाशकात टू-स्ट्रोक स्कूटर चालवली आहे, पंपावर पेट्रोलबरोबर टू-टी ऑईल घातले आहे आणि पावसात प्लग काढून पुसला आहे, त्यांना या इंजिनातले निम्मे शिक्षण आधीच मिळालेले आहे. फरक आहे तो थंडीचा आणि सततच्या भाराचा. स्कूटर क्वचितच पूर्ण रेसवर धावते, पण गोठलेल्या तळ्यावर स्नोमोबाइल कित्येक मिनिटे पूर्ण रेसवर असते, आणि लहानसा दोष तेवढ्या वेळात पिस्टन वितळवू शकतो.

म्हणून सुरुवातीलाच दोन शब्द पक्के समजून घ्यावेत. मिश्रणात पेट्रोल जास्त आणि हवा कमी असेल तर त्याला रिच म्हणतात. पेट्रोल कमी आणि हवा जास्त असेल तर लीन. रिच इंजिन धूर सोडते, प्लग काळे करते, पेट्रोल पिते, पण सहसा स्वतःला मारत नाही. लीन इंजिनाचे तसे नाही. सिलिंडरात येणारे पेट्रोल बाष्प होताना पिस्टनला थंडही करत असते. ते कमी पडले की पिस्टनचा माथा तापतो, फुगतो आणि सिलिंडरला घासून सीज होतो, म्हणजे जाम होऊन बसतो. ज्या गाडीत ऑईल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते, तिथे पेट्रोल कमी आले की ऑईलही कमी येते आणि संकट दुप्पट होते. दुर्दैवाने लीन झालेले इंजिन काही क्षण फार चपळ, हलके आणि आनंदी चालते. नवख्याला वाटते की गाडी सुधारली. रेस वाढवल्यावर इंजिन दबत असेल, किंवा रेसचे लिव्हर सोडल्यावरही आरपीएम खाली यायला वेळ लागत असेल, तर "चालवता चालवता सुटेल" असे म्हणून पुढे जाऊ नये. इंजिन बंद करावे आणि कारण सापडेपर्यंत गाडी ट्रेलवर नेऊ नये.

कामाला लागण्यापूर्वी

हत्यारे फारशी लागत नाहीत: प्लग पाना, साधे पाने, स्क्रू ड्रायव्हर, कॉम्प्रेशन गेज, मल्टिमीटर, टॉर्च, कार्ब्युरेटर क्लीनरचा डबा आणि काचेची एक स्वच्छ बरणी. त्या मॉडेलचे सर्व्हिस मॅन्युअल मिळवावेच, कारण जेटचे (कार्ब्युरेटरात पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकांच्या तुकड्यांचे) क्रमांक, प्लगचा क्रमांक आणि ठिणगीचे टायमिंग हे अंदाजाने ठरवायचे आकडे नाहीत.

बाहेर उणे वीस अंश असताना गॅरेजचे दार बंद ठेवण्याचा मोह होतो, पण इंजिन चालू करायचे असेल तर दार पूर्ण उघडेच हवे. धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गाडीचा मागचा भाग स्टँडवर उचलून रेस द्यायची असेल तर गाडी पुढे ढकलणाऱ्या खालच्या रबरी पट्ट्याच्या मागे कोणीही उभे राहू नये, कारण त्यातून सुटलेला बर्फाचा तुकडा किंवा धातूचा खिळा गोळीसारखा येतो. क्लचवरचे झाकण काढून किंवा ड्राइव्ह बेल्ट उतरवून इंजिनाला जोरात रेस देऊ नये. आणि जे काही सुटे कराल त्याचा आधी फोनवर फोटो काढावा. चार नळ्या एकदा सुटल्या की कोणती कुठे होती हे आठवत नाही.

आधी लक्षण नीट लिहून काढा

गाडी बिघडली एवढे म्हणणे पुरेसे नाही. ती थंड असताना बिघडते की तापल्यावर? स्लोवर बंद पडते, मधल्या रेसवर अडखळते की पूर्ण रेसवर दबते? दहा मिनिटे उत्तम चालून मग मरते का? दोन्ही सिलिंडर मार खातात की एकच? या प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत. कार्ब्युरेटरमध्ये लिव्हर किती दाबले आहे त्यानुसार वेगवेगळे भाग पेट्रोल देतात: बंदपासून पाव भागापर्यंत पायलट जेट, पावापासून पाऊणपर्यंत मुख्यतः लिव्हरबरोबर वर-खाली होणारी सुई आणि पाऊणपासून पूर्णपर्यंत मेन जेट. इथे महत्त्वाचे असते ते लिव्हर किती उघडले आहे. वेग किंवा आरपीएम किती आहे, ते नव्हे. लिव्हरच्या खालच्या भागावर टेप चिकटवून पाव, अर्धा आणि पाऊण अशा खुणा केल्या तर कोणत्या टप्प्यावर गाडी अडखळते हे डोळ्यांनी दिसते.

एक जुनी आणि अत्यंत उपयोगी चाचणी येथेच करून घ्यावी. इंजिन तापलेले असताना, ज्या टप्प्यावर ते अडखळते त्या टप्प्यावर क्षणभर चोक अर्धा ओढावा. गाडी सुधारली तर त्या टप्प्यावर मिश्रण लीन आहे. आणखी बिघडली तर रिच आहे. गाडीला हाताने पेट्रोल मारायचा प्राइमर असेल तर त्याचा एक झटका देऊनही हेच कळते. पेट्रोल कमी पडते आहे की जास्त होते आहे एवढे एका मिनिटात समजले, म्हणजे पुढचा अर्धा शोध वाचतो.

टाकीतले पेट्रोल

उन्हाळाभर टाकीत राहिलेले पेट्रोल हे बिघाडाचे सर्वांत सामान्य कारण आहे, आणि ते तपासायला पाच मिनिटे लागतात. कार्ब्युरेटरकडे जाणारी नळी काढून थोडे पेट्रोल काचेच्या बरणीत घ्यावे आणि तासभर शांत ठेवावे. तळाशी वेगळा थर दिसला तर ते पाणी आहे. पेट्रोलातले इथेनॉल पाणी शोषते आणि ते प्रमाणाबाहेर गेले की दोन्ही मिळून खाली बसतात. वार्निशसारखा आंबट वास आला तर पेट्रोल शिळे झाले आहे. दोन्हीपैकी काहीही आढळले तर टाकी पूर्ण रिकामी करावी. वर नवे पेट्रोल ओतून जुने वापरून टाकण्याचा विचार करू नये. मिनेसोटात अनेक पंपांवर इथेनॉल नसलेले ९१ ऑक्टेनचे पेट्रोल खास अशा यंत्रांसाठी मिळते, आणि जुन्या रबरी नळ्या असलेल्या गाडीला तेच घालावे असे माझे ठाम मत आहे.

ऑईल मिसळायचे असेल तर ५०:१ म्हणजे लिटरमागे २० मिली आणि ४०:१ म्हणजे २५ मिली. काळजीपोटी कोणी लिटरमागे ४० मिली घालतो, पण त्यामुळे त्याच जेटमधून जाणाऱ्या प्रवाहात पेट्रोलचा वाटा घटतो आणि मिश्रण उलट लीन होते. ऑईल स्नोमोबाइलसाठी बनवलेलेच असावे, कारण साधे ऑईल कडाक्याच्या थंडीत मधासारखे घट्ट होते आणि ऑईल पंपाच्या बारीक नळीतून सरकत नाही.

यानंतर टाकीच्या झाकणाकडे किंवा टाकीत हवा येऊ देणाऱ्या व्हेंटच्या नळीकडे पाहावे. गाडी दहा-पंधरा मिनिटे चांगली चालून मरत असेल आणि झाकण उघडताच फुस्स असा आवाज येऊन ती पुन्हा सुरू होत असेल, तर व्हेंट बर्फाने किंवा कचऱ्याने बंद आहे. टाकीच्या आत पेट्रोल उचलणारी नळी असते; वीस-तीस वर्षांत ती कडक होऊन तडकते किंवा जोडातून निसटते. मग टाकी अर्धी असताना गाडी दबते आणि भरलेली असताना ठीक चालते.

ठिणगी आणि प्लग

दोन्ही प्लग काढावेत आणि कोणता कोणत्या सिलिंडरचा हे विसरू नये. दोन्ही एकसारखे चॉकलेटी किंवा फिकट तपकिरी असतील तर मिश्रण बरे आहे. काळे आणि ओले म्हणजे रिच, किंवा ठिणगी पडत नाही. पांढरे, कोरडे किंवा काचेसारखे चकाकणारे टोक म्हणजे लीन आणि अतितप्त. त्यावर ॲल्युमिनियमचे चंदेरी बारीक कण दिसले तर पिस्टन वितळू लागला आहे, आणि तिथे थेट कॉम्प्रेशन तपासण्याकडे जावे. एक प्लग काळा आणि दुसरा पांढरा असेल तर ती मोठी खूण आहे, कारण पेट्रोल आणि टाकी दोन्ही सिलिंडरांना सामाईक असतात. मग दोष त्या एका सिलिंडरच्या कार्ब्युरेटरमध्ये, रबरात, सीलमध्ये किंवा कॉइलच्या त्या वायरमध्ये असतो.

करंट तपासताना प्लग त्याच्या कॅपमध्ये बसवून त्याचा धातूचा भाग हेडला घट्ट टेकवावा, पण प्लगच्या भोकापासून दूर, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर फेकली जाते. दुसरी कॅपही तशीच अर्थ केलेली असावी. मोकळी सोडलेली वायर इग्निशनच्या बॉक्सला इजा करू शकते. दोरी जोरात ओढल्यावर निळी, ठसठशीत ठिणगी दिसली पाहिजे. पिवळी आणि अशक्त दिसली तर आधी प्लग नवे घालावेत, तेही मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या क्रमांकाचेच. एनजीकेच्या क्रमांकात आकडा जेवढा मोठा तेवढा प्लग थंड. बीआर९ईएसच्या जागी हाताशी आहे म्हणून बीआर७ईएस लावला तर लांब पल्ल्यावर पिस्टनच्या माथ्याला भोक पडू शकते.

प्लग बदलूनही ठिणगी अशक्त असेल तर कॅप फिरवून काढावी, वायरचे गंजलेले टोक ५-६ मिमी कापावे आणि कॅप पुन्हा घट्ट फिरवून बसवावी. कितीतरी गाड्या एवढ्यावर सुधारतात. ठिणगी अजिबातच नसेल तर महागडे भाग मागवण्यापूर्वी स्विच तपासावेत: हँडलवरचा बंद करण्याचा स्विच, दोरीला बांधलेला सुरक्षा स्विच, किल्लीचा स्विच. अनेक गाड्यांत लिव्हरच्या आत किंवा कार्ब्युरेटरवरही सुरक्षा स्विच असतो. केबलला जास्त ढील राहिली की त्याला वाटते की कार्ब्युरेटर उघडा अडकला आहे, आणि तो ठिणगी तोडतो. अशा वेळी चालक कार्ब्युरेटरला दोष देत बसतो आणि खरा उपाय केबल दोन मिलिमीटर ताणणे हा असतो. हा स्विच तपासण्यापुरता बाजूला काढता येतो, पण कायमचा काढून टाकू नये. अडकलेल्या लिव्हरसह झाडांकडे धावणाऱ्या गाडीला थांबवणारा तोच आहे.

थंड असताना उत्तम आणि तापल्यावर मरणारी ठिणगी बहुधा फ्लायव्हीलमागच्या, ठिणगीसाठी वीज बनवणाऱ्या स्टेटर कॉइलमुळे मरते. तिचा रोध थंड आणि गरम अशा दोन्ही अवस्थांत मोजून मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडावा. १९७० च्या दशकातल्या गाड्यांत पॉइंट (ठिणगीच्या क्षणी वीज तोडणारे संपर्क) असतील तर ते साफ करून त्यांची फट बरोबर करावी.

कॉम्प्रेशन

ही पायरी कार्ब्युरेटर उघडण्याच्या आधी घेतली आहे ती मुद्दाम. रिंगा गेलेल्या इंजिनावर कार्ब्युरेटर कितीही साफ केला तरी श्रम वाया जातात.

इंजिन थोडे कोमट असावे. दोन्ही प्लग काढून वायरी अर्थ कराव्यात, गेज एका भोकात फिरवून बसवावा, लिव्हर पूर्ण दाबून धरावे आणि काटा वर चढणे थांबेपर्यंत पाच-सहा वेळा दोरी ओढावी. लिव्हर दाबले नाही तर हवा आत येत नाही आणि आकडा खोटा कमी दिसतो. या वर्गातल्या बहुतेक इंजिनांत ११० ते १४० पीएसआयच्या दरम्यान आकडा येतो, परंतु आकड्यापेक्षा दोन सिलिंडरांमधला फरक अधिक बोलका असतो. तो दहा टक्क्यांच्या आत असावा. एकात १२५ आणि दुसऱ्यात ९० आले तर शोध बहुतांशी संपला.

तरी हेड उघडण्याची घाई नको. एक्झॉस्टचा जोड काढून पिस्टन खाली-वर करत टॉर्चने पोर्टमधून आत पाहावे. पिस्टनची बाजू आणि रिंगा तिथे स्पष्ट दिसतात. गुळगुळीत, करड्या पृष्ठभागावर उभे ओरखडे दिसले, किंवा रिंग खोबणीत चिकटून धातू तिच्यावर पसरलेला दिसला, तर पिस्टन सीज होऊन गेला आहे. रिंगेवर काडीने हलके दाबून पाहावे. ती आत दबून परत बाहेर आली पाहिजे. येथे एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते: सीज झालेला पिस्टन बदलणे हे अर्धेच काम आहे. तो ज्या कारणाने लीन झाला ते कारण शोधले नाही तर नवा पिस्टनही तसाच जातो.

कार्ब्युरेटरची सफाई

कॉम्प्रेशन चांगले, ठिणगी चांगली, पेट्रोल ताजे, आणि तरी गाडी स्लोवर टिकत नाही किंवा चोक लावूनच चालते, तर पायलट जेट तुंबला आहे असे जवळजवळ खात्रीने समजावे. त्याचे भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असते आणि वाळलेल्या पेट्रोलचा हिरवट-पिवळा थर त्यात सहज बसतो.

कार्ब्युरेटर उतरवून खालची वाटी उघडावी. मधोमध उंच दिसतो तो मेन जेट. त्याच्या शेजारी खोल भोकात पायलट जेट असतो. तो पितळेचा आणि मऊ असतो, त्यामुळे स्क्रू ड्रायव्हरचे पाते खाचेत अगदी बरोबर बसणारे हवे. जेट काढून खिडकीसमोर धरावा आणि एक डोळा मिटून आरपार पाहावे. भोक पूर्ण गोल आणि स्वच्छ उजेडाचे दिसले पाहिजे. धूसर दिसले, चंद्रकोरीसारखे दिसले किंवा मुळीच दिसले नाही, तर जेट रात्रभर क्लीनरमध्ये भिजवावा आणि हवेच्या दाबाने फुंकावा. तार किंवा टाचणी घालू नये. पितळ ओरखडले की भोकाचे माप कायमचे बदलते. जेट ज्या मार्गात बसतो तो मार्गही क्लीनरने मारावा आणि फवारा दुसऱ्या टोकाने बाहेर येतो का ते पाहावे. जेट साफ केला पण मार्ग राहिला, तर सगळे पुन्हा उघडावे लागते. हे करताना डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण फवारा अनपेक्षित भोकातून थेट तोंडावर येतो.

बाजूचा हवेचा स्क्रू काढण्यापूर्वी तो हलक्या हाताने आत बसेपर्यंत किती वळसे जातो ते मोजून लिहावे. मिकुनीच्या नेहमीच्या, लिव्हरने वर-खाली होणाऱ्या गोल स्लाइडच्या कार्ब्युरेटरवर हा स्क्रू एअर बॉक्सच्या, म्हणजे हवा आत येते त्या, बाजूला असतो, हवा नियंत्रित करतो, आणि बाहेर फिरवला की मिश्रण लीन होते. सुईच्या क्लिपचेही तसेच: क्लिप वरच्या खाचेत सरकवली की सुई खाली जाते आणि मिश्रण लीन होते, खालच्या खाचेत सरकवली की रिच. मात्र मूळ सेटिंगवर गाडी एके काळी नीट चालत होती हे लक्षात ठेवावे. जी गाडी गेल्या हिवाळ्यात ठीक होती तिला यंदा वेगळा जेट नको असतो, तिला सफाई हवी असते.

चोकबद्दल एक गैरसमज आहे. या कार्ब्युरेटरमध्ये बहुधा चोकची झडप नसते, तर पेट्रोलचा वेगळा मार्ग उघडणारा लहान दट्ट्या असतो, आणि गाडी सुरू करताना तो लिव्हर पूर्ण सोडलेले असतानाच नीट काम करतो. थंड गाडी सुरू करताना जे लिव्हर दाबून दोरी ओढतात, ते चोक स्वतःच निकामी करतात. याउलट चोकची केबल फार ताणलेली असेल तर दट्ट्या पूर्ण खाली बसत नाही आणि त्या बाजूचा प्लग सतत काळा राहतो. म्हणून या केबलला किंचित ढील असावी.

दोन कार्ब्युरेटर असतील तर शेवटी दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उचलल्या जातात का ते पाहावे. एकाच मापाचे ड्रिलचे दोन दांडे दोन्ही स्लाइडखाली ठेवून लिव्हर हळू दाबले तर दोन्ही एकदम सुटायला हवेत. एक आधी सुटला तर केबल जुळवावी, नाहीतर एक सिलिंडर दुसऱ्याला ओढत राहतो.

बाहेरून शिरणारी हवा

सर्वांत जास्त इंजिने ज्या दोषाने मेली असतील आणि जो सर्वांत कमी तपासला जातो, तो म्हणजे कार्ब्युरेटरला चुकवून इंजिनात शिरणारी हवा. लक्षणे ठरलेली आहेत: स्लो स्थिर राहत नाही, रेस सोडल्यावर आरपीएम लटकत राहतो, एकाच बाजूचा प्लग पांढरा येतो.

माझ्या पहिल्या गाडीत डावा प्लग दर वेळी खडूसारखा पांढरा निघत असे. पेट्रोल बदलले, जेट दोनदा साफ केला, नवी कॉइल मागवण्याच्या बेतात होतो. कार्ब्युरेटर आणि सिलिंडर यांच्यामधले रबर बाहेरून काळेभोर, धडधाकट दिसत होते. ते काढून हातात घेतले आणि अंगठ्याने मागे वाकवले, तेव्हा खालच्या बाजूला, जिथे गाडीवर असताना डोळा पोहोचत नाही तिथे, नखाएवढी चीर तोंड उघडून दिसली. थंड असताना ती मिटलेली असे आणि इंजिन तापून थरथरू लागले की उघडे. तेव्हापासून हे रबर जागेवर असताना तपासून मी समाधान मानत नाही.

इंजिन स्लोवर चालू असताना रबराच्या भोवती पाण्याचा बारीक फवारा मारला आणि आरपीएम बदलला, तर हवा तिथूनच शिरते आहे. काही जण यासाठी ज्वालाग्राही क्लीनर वापरतात. गरम एक्झॉस्टच्या शेजारी ते करू नये. रबर निर्दोष असेल तर क्रँकशाफ्टच्या दोन्ही टोकांच्या ऑईल सीलकडे वळावे. त्यांची खरी परीक्षा दाबाने होते: एक्झॉस्ट आणि इनटेक रबरी बुचांनी बंद करून हातपंपाने इंजिनात साधारण ६ पीएसआय हवा भरावी आणि गेजकडे पाहत राहावे. मिनिटाला एक पीएसआयपेक्षा जास्त दाब उतरत असेल तर जोडांवर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे दोष दाखवतील. क्लचच्या बाजूचे सील गेले असेल तर क्लच उतरवावा लागतो आणि त्याला खास पुलर लागतो; सील बदलण्यासाठी बऱ्याच इंजिनांत क्रँककेसही उघडावी लागते. ते काम पहिल्या वर्षी अनुभवी मेकॅनिककडे द्यावे.

पूर्ण रेसवरच दम लागत असेल तर पेट्रोल पंप पाहावा. तो विजेवर चालत नाही. क्रँककेसमधल्या दाबाच्या ठोक्यांनी त्याचा पडदा हलतो, आणि ते ठोके एका लहान नळीतून येतात. ती नळी तडकली किंवा सैल झाली की पंप स्लोपुरते पेट्रोल देतो, पण भार आला की कमी पडतो. वर आणखी वाईट म्हणजे त्या फटीतून हवाही आत शिरते.

इंजिनाचा नसलेला दोष

दोरी ओढून इंजिन सुरू होते, स्टँडवर छान रेस घेते, पण बर्फावर दबते, अशी तक्रार असेल तर ड्राइव्ह बेल्ट आणि क्लच बघावेत. बेल्ट झिजून अरुंद झाला किंवा क्लचची स्प्रिंग तुटली की इंजिनाला चुकीच्या आरपीएमवर भार घ्यावा लागतो. गाडीखालचा रबरी पट्टा रात्री ओला राहून गोठला असेल तरीही असेच होते. फॅनने थंड होणाऱ्या इंजिनाच्या आवरणाखाली आणि एअर बॉक्समध्ये उंदरांची घरटी सापडतात, हेही येथे सांगायला हवे. उन्हाळाभर शेडमध्ये उभ्या राहिलेल्या गाडीत ती आधी शोधावीत. एक्झॉस्टची स्प्रिंग तुटून जोड सैल झाला असेल तर गरम वायू बॉनेटखालीच कोंडतो आणि कार्ब्युरेटर तीच हवा ओढतो.

थंडीचा हिशोब

सर्व काही ठीक असूनही गाडी उणे ५ अंशांवर उत्तम आणि उणे ३० वर लीन चालू शकते. हवा थंड झाली की दाट होते. या दोन तापमानांत तिच्या घनतेत सुमारे दहा टक्क्यांचा फरक पडतो, आणि जेट मात्र तेवढेच पेट्रोल देत राहतो. म्हणून गाडीच्या मॅन्युअलमध्ये किंवा बॉनेटच्या आत तापमान आणि उंचीनुसार मेन जेटचा तक्ता दिलेला असतो. कडाक्याच्या थंडीत मोठा जेट, डोंगरात उंचावर लहान. शंका असेल तर एक माप मोठा जेट घालावा. थोडा धूर आणि काळा प्लग परवडतो.

दुरुस्तीनंतरची पहिली फेरी

ऑईल पंपाची नळी सुटलेली असेल किंवा इंजिन उघडले असेल, तर पहिल्या टाकीत, पंपाकडून येणाऱ्या ऑईलच्या जोडीला, पेट्रोलमध्ये ५०:१ ऑईलही मिसळावे आणि नळीत हवेचे बुडबुडे राहिले नाहीत याची खात्री करावी. इंजिन पाच मिनिटे स्लोवर तापू द्यावे. मग घरापासून चालत परत येता येईल एवढ्याच अंतरावर, अर्ध्या रेसपर्यंत, गाडी फिरवावी. खिशात प्लगची नवी जोडी आणि प्लग पाना असावा. परत येऊन दोन्ही प्लग काढून शेजारी शेजारी ठेवावेत आणि त्यांचा रंग पाहावा. दोन्ही सारखे आणि तपकिरी असतील तर दुसऱ्या फेरीत मोकळ्या, सरळ जागेवर काही सेकंद पूर्ण रेस देऊन, रेस न सोडता स्विचने इंजिन बंद करावे आणि तिथल्या तिथे प्लग पुन्हा पाहावेत. पूर्ण रेसवरचे मिश्रण असेच कळते. एकही टोक पांढरे दिसले तर पुन्हा पूर्ण रेस देऊ नये. गाडी कमीत कमी रेसवर हळू घरी आणावी आणि बाहेरून शिरणाऱ्या हवेपासून शोध पुन्हा सुरू करावा.